शिसवी मुठीची काठी

मी, उत्पला जालिंदर ओव्हाळ, वय पंचवीस, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय कामगारांच्या सोसायटीत लेखनिक (या महिनाअखेरपर्यंत), राहणार साखर कारखाना कामगार वसाहत, चकलांबा शिवार, तालुका गेवराई, जिल्हा बीड, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, पोटभर न्याहारी करून आणि कोणाचाही दाब नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी प्रकृती उत्तम आहे. मरायची घाई नाही. आमच्या घरात यापूर्वी कोणी मृत्युपत्र लिहिलेले नाही. आजोबांना लिहिता येत नव्हते. बाबांना येते, पण लिहून ठेवण्यासारखे आपल्यापाशी काही नाही असे ते म्हणतात. माझ्यापाशी एक वस्तू आहे.

आईचा, म्हणजे सिंधुबाई जालिंदर ओव्हाळ यांचा, या कागदाला विरोध आहे आणि तो तिच्या सांगण्यावरून येथे नोंदवते. ती म्हणाली, "हळद लागायच्या आधी मरणाचं नाव काढती! शिकलेल्या पोरीचं हे असं असतंय व्हय?" मी म्हणाले, शिकलेल्याच पोरीचं असं असतं, माय. त्यावर ती पीठ मळायला गेली.

१. कारण

या महिनाअखेरीस माझे लग्न दिंद्रुडचे वायरमन धर्मराज मस्के यांच्याशी होत आहे. लग्न माझ्या पसंतीने आहे. गेवराईच्या वकीलसाहेबांनी मला सांगितले की, बाईने मृत्युपत्र केलेले नसेल आणि मूलबाळही नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईची वस्तू नवऱ्याकडे आणि तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापाचा नंबर त्यानंतर लागतो. आम्हाला जो वारसा कायदा लागू आहे त्यात लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, हेही त्यांना विचारून घेतले. धर्मराज किंवा त्यांची माणसे वाईट आहेत म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या वस्तूचा उपयोग त्यांना नाही आणि इथल्या बायकांना आहे, म्हणून लिहिते.

ती वस्तू म्हणजे पूल नावाचा, बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ खेळायची माझी काठी. जाणकार तिला क्यू म्हणतात. आमच्या वसाहतीत तिला काठीच म्हणतात, आणि मीही तेच लिहीन.

दुसरी गोष्ट त्याच खेळाच्या टेबलाची. ते माझे नाही. पण त्याचा निकाल पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत लागणार आहे. टेबल सांभाळण्याची जबाबदारी सही करून घेणारा सभासद त्या दिवसापर्यंत मिळाला नाही, तर ते बीड रस्त्यावरच्या एका धाब्याला विकायचे, असा ठराव झालेला आहे. आजपर्यंत ही जबाबदारी सोसायटीची नोकर म्हणून माझ्याकडे होती. मी गेल्यावर ती कोण घेणार, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. मरण त्यामानाने लांब आहे.

२. किरकोळ

घर माझ्या नावावर नाही. पतसंस्थेत जे काही शिल्लक असेल ते आईला द्यावे. शिवणयंत्र आधीपासून तिचेच आहे. मी फक्त त्याच्यावर अभ्यास करत असे. पदवीचे प्रमाणपत्र फ्रेमसह घरातच राहावे. ते खिळ्यावरून काढून सासरी पाठवू नये, कारण आल्यागेल्याला ते दाखवण्यात आईला जो आनंद होतो तो मला पदवी घेतानाही झाला नव्हता. माझी पुस्तके वसाहतीतल्या ज्या मुलींना हवी असतील त्यांनी न्यावीत. हिशेबशास्त्राचे पुस्तक कोणी नेणार नाही. ते पूलच्या टेबलाच्या पायाखाली आहे, तिथेच असू द्यावे.

३. टेबल कसे आले

सहा खिशांचे ते हिरवे टेबल कारखान्याने साहेब लोकांच्या क्लबासाठी घेतले होते. आम्ही लहान असताना क्लबच्या खिडकीतून आत बघत असू. कॅरमसारखा काहीतरी श्रीमंतांचा खेळ असावा असे वाटायचे. मग २०१२ सालचा दुष्काळ आला. शिवारात उसाचे कांडे उभे नव्हते. कारखान्याचा हंगाम झालाच नाही. साहेब आपापल्या गावी गेले आणि क्लबात चारा छावणीचे कार्यालय आले. मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. छावणीत जनावरांच्या नोंदी लिहायला मला बसवले. पेंडीची पोती रचली होती ती नेमकी या टेबलावर.

कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या सत्यभामा मावशी छावणीतल्या लोकांना चहा करायला येत. एका दुपारी त्यांनी एक पोते उचलले, खालचे हिरवे कापड बघितले आणि म्हणाल्या, "अगं बाई, पेंडीखाली एवढं मऊ अंथरूण! आन आमी भुईवर निजतो." आम्ही दोघींनी पोती भिंतीला लावली. कपाटात खेळाच्या मोठ्या गोट्या होत्या, तीन वाकड्या काठ्या होत्या. नियम कोणालाच माहीत नव्हते. मी गेवराईला कॉलेजच्या संगणकावर ते वाचले आणि मावशींना सांगितले. मावशींनी आयुष्याची पहिली वर्षे कोयत्यावर, ऊसतोडीत काढली आहेत. त्या वाकून उभ्या राहतात तेव्हा हलत नाहीत. आठवड्याभरात त्या मला हरवायला लागल्या.

टँकर क्लबच्या शेजारच्या टाकीवर यायचा. त्याची वाट बघत बायका उन्हात बसायच्या, त्या आत येऊन बसू लागल्या. बसल्या म्हणजे बघू लागल्या, आणि बघितले म्हणजे "थांब गं, मला देऊन बघ" झालेच. असा आमचा खेळ सुरू झाला. पुढे पाऊस झाला, कारखाना भाड्याने चालवायला गेला, क्लबची इमारत कामगारांच्या सोसायटीकडे आली. बायका येतच राहिल्या. गेल्या सालापासून पुन्हा पाणी नाही, पुन्हा टँकर आहे, म्हणून सध्या गर्दी फार आहे.

४. पहिली काठी

माझे वडील जालिंदर ओव्हाळ कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मला खेळाचा नाद लागला आहे हे कळल्यावर त्यांनी मला स्वतः काठी करून दिली. बाभळीचे लाकूड, आत लोखंडी सळई, आणि टोकाला मशीनच्या पट्ट्याचे गोल कापलेले चामडे. ती काठी इतकी सरळ होती की तिच्याकडे बघून डोळे निवत. फक्त तिची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच होती. खेळायची काठी पुढे निमुळती लागते हे मी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "शाफ्ट एका टोकाला बारीक झाला तर साहेब फेकून देतो. मी अशी वस्तू हातानं करीन व्हय?"

त्या काठीने मी तीन वर्षे खेळले. एक पांढरी गोटी तिने फुटली. बीडला एका क्लबात स्पर्धा होती, तिथे मी ती काठी पिशवीतून काढली तेव्हा एक पोरगा म्हणाला, "ताई, मसाला कांडायला आलात का?" दुसरा म्हणाला, "हळू बे, लागंल कुणाला." आयोजकांनी ती बाजूला ठेवायला लावली. मी क्लबाच्या काठीने खेळले आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडले. त्या दोन मुलांना मी काहीही ठेवत नाही. त्यांनी कधी चकलांब्याला यावे आणि सत्यभामा मावशींशी एक डाव खेळावा, एवढेच.

बाभळीची काठी सध्या आमच्या अंगणात कपडे वाळवायच्या दोरीला टेकू म्हणून उभी आहे. ती बाबांची आहे. तिच्यावर माझा हक्क नाही.

५. काठीची निवड आणि खरेदी

बीडहून परत येताना एस.टी.त मी ठरवले की आता नीट बनवून घेतलेली काठी घ्यायची. तयार काठ्या बघितल्या. त्या सगळ्या उंच पुरुषांच्या मापाच्या. मी बुटकी आहे, आणि आमच्या क्लबात पश्चिमेची भिंत टेबलाला इतकी जवळ आहे की लांब काठीचा बुंधा तिला लागतो. म्हणजे माणूस आणि जागा दोन्ही बघून करणारा कारागीर हवा होता.

औरंगाबादला सोसायटीच्या प्रशिक्षणाला गेले असताना मेहबूबसाहेब खरादी यांचे नाव कळले. त्यांच्या दुकानात पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणी असतात. क्यू ते ओळखीवरच करतात. मी ओळख नसताना गेले. त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि आधी आपलीच ओळख करून दिली.

"हमारे दादांनी नवाबसाहेबांची क्यू बनवलेली हाय, मालूम?"

"कुठल्या नवाबांची?"

"नवाब काय एक होते का? अब बोलो, किसके वास्ते पाहिजे? भाऊसाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "खेलता येतं?"

"येतं."

"फिर ठीक हाय. नहीं तो लोग सोफ्याच्या मागं ठेवतात आन मला फोन करतात की वाकडी झाली."

तिथून वर्षभर आमचा वाद चालला. मला आजवर इतक्या आनंदाचा दुसरा वाद आठवत नाही. ते म्हणायचे, आखूड काठी म्हणजे पोरांचे खेळणे. मी म्हणायचे, माझ्या भिंतीपाशी येऊन उभे राहा मग कळेल. शेवटी त्यांनी माझा हात खांद्यापासून मापला आणि कुरकुरत एक वीत कमी केली. मुठीसाठी त्यांनी अक्रोड काढला. मला शिसव हवे होते. आमच्या दुष्काळात उकाड्याने हात घामेजतो आणि अक्रोडाची पॉलिश घसरते, असे मी म्हणाले. खरे कारण असे की शिसवाचा रंग मला आवडला होता, पण आवड हे कारण मेहबूबसाहेब मान्य करत नसत. बुंध्यात वजन वाढवायचा स्क्रू त्यांनी घातला, मी काढायला लावला. काठी जड असली की फटका आपोआप बसतो असे त्यांचे मत. फटका मी मारणार आहे, काठी नाही, असे माझे.

पुढच्या दांड्यासाठी मेपल नावाचे परदेशी लाकूड लागते. ते एकदम खरादत नाहीत. थोडे खरादून छताला टांगून ठेवतात, पुन्हा थोडे, पुन्हा टांगतात. मी घाई केली की म्हणायचे, "लकडी को बी नींद लगती, बाई. कच्च्या झोपेत उठवलं की वाकडं तोंड करते."

निवडायचा दिवस आला तेव्हा त्यांनी काउंटरच्या काचेवर दोन दांडे ठेवले. दोन्ही दुधासारखे पांढरे. मी ते काचेवर घरंगळत सोडले. दोन्ही जरा लटपटले, डोळ्याला कळेल न कळेल इतके. छताला अजून एक टांगलेला होता, त्याच्या अंगावर चुलीतल्या जाळासारखी तपकिरी रेघ. मी तो मागितला.

"नक्को. दागी हाय तो. तो मी लाटण्याला ठेवलाय."

"बघू तर द्या."

तो काचेवरून पाण्यासारखा गेला. मी परत सोडला, परत तसाच. एक डोळा मिटून लांबून बघितला. जमिनीवर हलके आपटला, आवाज भरीव आला.

"हाच."

"दागी लकडी घेऊन जाशील तर लोग माझ्यावर हसतील."

"हसू द्या. माझ्यावर हसून झालंय त्यांचं."

मेहबूबसाहेबांनी चष्मा पुन्हा पुसला. मग त्यांनी तो दांडा स्वतः तीनदा काचेवर सोडला आणि म्हणाले, "इसको दागी बोलके मैंने टांगा? सबसे सीधा तो यही हाय." आणि लगेच पुढे, "मेरेको मालूमच होतं." हे अर्थातच खोटे होते.

दोन भाग जोडायला पितळेचा साधा जोड, टोकाला मऊ चामडे. शिंपल्याचा मोर बसवायची त्यांची फार इच्छा होती, मी साफ नाही म्हणाले. माझ्या नावाचा अर्थ त्यांनी विचारला, मी निळे कमळ असे सांगितले. काठी घरी आणल्यावर बुंध्याचे रबर काढून बघितले तर आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, शिंपल्याचे एवढेसे कमळ. मी नको म्हटले होते. ते दिसले की अजून राग येतो, आणि अजून काढून टाकलेले नाही.

पैसे माझ्या पगारातले. आईने ते झुमक्यांसाठी बाजूला ठेवायला लावले होते. ती म्हणाली, "लग्नात कानात काय घालशील? काठी?" तिने हे प्रत्येक पाहुण्याला सांगितले आहे, म्हणून येथे वेगळे लपवत नाही. माझ्या होणाऱ्या सासूबाई सुभद्राबाई मला बघायला आल्या तेव्हा कोपऱ्यातली लांब पेटी बघून म्हणाल्या, "पोरगी बासरी वाजवती वाटतं?" आई म्हणाली, "बासरी असती तर बरं झालं असतं." धर्मराज यांनी पेटी उघडून दाखवायला सांगितली, काठी हातात घेतली, आणि ज्या बाजूने धरायची त्या बाजूने धरली. लग्नाला होकार मी त्यानंतर दिला.

बाबांचे मात्र वेगळे झाले. मी पेटी आणली त्या दिवशी ते ओट्यावर बसले होते. पेटी उघडली नाही. फक्त विचारले, "कुणी खरादली?"

"औरंगाबादच्या मेहबूबसाहेबांनी."

"मशीनवर का हातावर?"

"हातावर."

ते उठून शेळ्या बघायला गेले. आईला म्हणाले, "तीस वरीस लेथवर उभा ऱ्हायलो, आन पोरीनं काठी परगावाहून इकत आणली. लोकं काय म्हणतील? जालिंदरच्या हातात काय न्हाई म्हणतील." त्या दिवसापासून ते क्लबात आले नाहीत. घरात बोलतात, हसतात, माझ्या ताटात भाकरी वाढतात. पण काठीचा विषय निघाला की शेळ्यांना पाणी आठवते.

याबाबत माझे म्हणणे मी इथे लिहून ठेवते, कारण समोर बसून ते ऐकत नाहीत. चांगली वस्तू पारखून, जाणत्या हाताकडून घेणे म्हणजे घरच्या माणसाचा अपमान नव्हे. बाबांवर माझी माया आहे आणि त्यांची काठी खेळायला वाईट होती. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि एका कागदावर राहू शकतात.

६. काठीची विल्हेवाट

वरील काठी, शिसवी मूठ, रेघ असलेला दांडा, पितळी जोड, पेटीसह, माझ्या पश्चात सोसायटीच्या क्लबाला द्यावी. ती कपाटात प्रदर्शनाला ठेवू नये. जी बाई खेळायला येईल तिने वापरावी, हात धुऊन. दिंद्रुडला टेबल नाही, आणि चांगले साधन माणसाच्या घरात पडून राहण्यापेक्षा दहा जणींच्या हाती फिरावे असे मला वाटते. सहकार म्हणजे हेच, असे मी समजते. म्हणून मी सासरी जातानाच ही काठी क्लबात ठेवून जात आहे.

सत्यभामा मावशींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू मेल्यावर मला मिळायची काठी? अगं, मी तुझ्या आधी जाईन की. माझं वय काय, तुझं काय! हिशेबाचं पुस्तक वाचलं का नुसतं टेबलाखाली घातलं?"

७. क्लबाच्या वहिवाटी

ज्याच्याकडे टेबल जाईल त्याने या पाळाव्यात अशी विनंती. टेबलावर पेंड, पोती, लग्नपत्रिका, वाळवण काही ठेवू नये. काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू मुलांना पाटीवर लिहायला देऊ नये. टँकर आला म्हणून अर्धवट सोडलेला डाव मोडू नये. गोट्या जिथे असतील तिथे राहतात, वरून चादर घालतात आणि पाणी भरून झाल्यावर डाव तिथूनच पुढे सुरू होतो. आजवर कोणीही, अगदी भांडण झालेल्या बायकांनीही, चादरीखालची गोटी हलवलेली नाही. गावात इतक्या इमानाने पाळलेला दुसरा ठराव मला माहीत नाही.

८. जुने हिशेब

सोसायटीचे चेअरमन तात्याबा यांनी भर सभेत म्हटले होते, "पोरगी शिकली, कामाला लागली, आन आता काठ्या घेऊन हिंडती." मी त्यांना माझ्या खडूंपैकी एक ठेवते. ते मनाने वाईट नाहीत. टेबल विकून क्लबाच्या छताचे पत्रे बदलावेत असा त्यांचा विचार आहे, आणि पत्रे खरोखरच गळके आहेत. गळायला पाऊस पडत नाही, ही गोष्ट वेगळी. जबाबदार सभासद मिळाला तर टेबलाला हात लावणार नाही, असा शब्द त्यांनी मला दिला आहे आणि ते शब्दाचे पक्के आहेत.

अडचण इतकीच की सभासद म्हणजे कारखान्याचे आजी-माजी कायम कामगार, आणि ते सगळे पुरुष. मावशी कंत्राटी होत्या, म्हणून सभासद नाहीत. मी एकेकाच्या दारात गेले. कोणी म्हणाले गुडघे दुखतात, कोणी म्हणाले बायकांच्या खेळात कशाला पडू, एकाने चहा पाजून विषय बदलला. बाबाही सभासद आहेत. त्यांना विचारले तर म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

९. व्यवस्थापक

तरीही या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी माझे वडील जालिंदर ओव्हाळ यांचेच नाव घालते. त्यांनी हातात घेतलेले काम कधी अर्धे टाकलेले नाही. त्यांनी नकार दिल्यास हे काम आईने करावे. ती कुरकुरेल, पण करेल.

खाडाखोडीबाबत नोंद

हे मृत्युपत्र आज रविवारी सकाळी क्लबात साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. धर्मराज त्यासाठी दिंद्रुडहून आले. टँकर यायचा होता, म्हणून बायकाही होत्या. आईने बाबांना ओढूनच आणले. "पोरगी मरणाचं वाचती आन तुमी शेळ्या राखता!" असा तिचा आवाज आम्हाला आधी ऐकू आला. बाबा उंबऱ्यावर उभे राहिले. चपला काढल्या, पण आत आले नाहीत. मी पाचवे कलम वाचले तेव्हा ते छताकडे बघत होते. त्यांची काठी वाईट होती हे वाक्य मी गाळले नाही. माझा आवाज मात्र थोडा खाली गेला.

सहावे कलम संपले आणि ते म्हणाले, "थांब. हा कागद कवा लागू व्हतो?"

"मी गेल्यावर."

"दिंद्रुडला गेल्यावर का वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर, बाबा."

"मग आत्ता काठी काहून ठिवून चाललीस?"

मी सहकाराचे सांगितले. साधन टेबलाजवळ असावे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतले.

"टेबल सोसायटीचं. त्या वाकड्या काठ्या सोसायटीच्या. ही सोसायटीनं घेतलीय व्हय? ही तुझ्या हाताच्या मापाची हाय. ह्या बायांत कुणाला बसती ती?"

"मला तर आखूड पडती, भाऊ," सत्यभामा मावशी म्हणाल्या. "पोरगी कावती म्हणून बोलले न्हाई इतके दिस."

सगळ्या हसल्या. मी म्हणाले, पण दिंद्रुडला टेबल नाही.

"माजलगावात हाय," बाबा म्हणाले. "स्टँडच्या मागं. कंडक्टरला इचारलंय."

"कधी विचारलं?"

"इचारलं कवातरी."

धर्मराज म्हणाले, "माझं माजलगावला येणंजाणं असतंय. सोडीन की." आणि मग, "मला काठी मिळणार न्हाई हे मला पटलंय, असं बी लिहायचं का कागदात?" मी लिहिते म्हणाले. लिहिले आहे.

मग बाबा आत आले. टेबलाला वळसा घालून एका कोपऱ्यापाशी वाकले. "हे ह्या अंगाला उतरलंय. पांढरी गोटी आपोआप डाव्या खिशाकडं पळती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"खिडकीला गज हायत, भिताड न्हाई. पाण्याच्या रांगंत आमी बी उभं असतो." त्यांनी पायाखालचे पुस्तक उपसले, माझ्याकडे बघितले, आणि ते आईच्या हातात दिले. "उद्या पाचर करतो. पुढच्या रविवारच्या सभेत सही मी करीन. तात्याबाला सांगून ठेव."

मावशी जागच्या उठल्या. "भाऊ, सही करा, पर उतार काढू नका! माझे समदे डाव त्या उतारावर हायत."

"मग नवे डाव शिका," बाबा म्हणाले.

यावर वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. तेवढ्यात टँकर आला. बायका घागरी घेऊन पळाल्या. मी इथे बसून कलम ६ मधील "म्हणून मी सासरी जातानाच ही काठी क्लबात ठेवून जात आहे" हे वाक्य एका रेघेने खोडले. खोडल्या जागी मी आणि दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत. माझ्या हयातीत काठी माझ्याकडे राहील. बाकी सर्व कलमे कायम.

वर लिहिलेले सर्व माझे आहे, वाचून पाहिले आहे, आणि मला बरे वाटत आहे.

स्थळ: कामगार वसाहत, चकलांबा शिवार, ता. गेवराई, जि. बीड
दिनांक: २ जून २०१९, रविवार

लिहून ठेवणार: उत्पला जालिंदर ओव्हाळ (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:

१. धर्मराज मस्के, रा. दिंद्रुड, ता. माजलगाव (सही)
२. सत्यभामा मावशी, रा. कामगार वसाहत (सही, घागर ठेवून परत येऊन केली, म्हणून कागद थोडा ओला आहे)

व्यवस्थापकाचा शेरा, त्यांच्याच अक्षरात:

टेबलाची जबाबदारी घेतली. सदर मृत्युपत्र अमलात येण्यास माझी कायम हरकत आहे.

जालिंदर ओव्हाळ (सही)